वाचकांचे प्रश्न : पॅरिसची प्वालान बेकरी आणि तिच्या तीन पिढ्या

शहरांतील जुन्या कौटुंबिक व्यवसायांवर आम्ही गेल्या अंकात जो लेख छापला, त्यात पॅरिसच्या प्वालान बेकरीचा उल्लेख दोन-तीन परिच्छेदांतच उरकला होता. १९३२ पासून एकाच घराण्याकडे असलेल्या या बेकरीविषयी सविस्तर लिहावे, अशी मागणी करणारी पत्रे त्यानंतर आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून, पत्रे थोडी संक्षिप्त करून, त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. पिएर प्वालान यांनी पॅरिसमध्ये दुकान थाटले तेव्हा तेथे पांढऱ्या, लांबट बगेतची चलती होती, असे आपल्या लेखात म्हटले आहे. मग गावाकडचा काळपट, जड पाव शहरात विकण्याचे धाडस त्यांनी कशाच्या बळावर केले? आणि ते चालले कसे?

उत्तर : पिएर प्वालान हे नॉर्मंडीतून पॅरिसला आलेले गृहस्थ. १९३२ मध्ये त्यांनी सेन नदीच्या डाव्या तीरावर, सँ-जेर्मँ-दे-प्रे भागातील रू द्यु शेर्श-मिदी या रस्त्यावर ८ क्रमांकाच्या इमारतीत बेकरी सुरू केली. पूर्वी तेथे मठ होता. त्या काळातले कमानदार तळघर इमारतीखाली शिल्लक होते आणि लाकडावर चालणारी भट्टी त्या तळघरातच होती. वर पाव विकायचा आणि खाली भाजायचा, ही त्या वास्तूची मूळ रचना आजही तशीच आहे.

त्या काळी पावाचा रंग हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता. पिढ्यान्‌पिढ्या पांढरा पाव श्रीमंतांच्या ताटात आणि कोंडामिश्रित काळा पाव गरिबांच्या वाट्याला, अशीच विभागणी चालत आली होती. त्यामुळे शहरात आलेल्या माणसाला पांढरा पाव परवडू लागणे म्हणजे त्याची परिस्थिती सुधारल्याची खूणच मानली जाई. त्यातच १९१९ च्या कायद्याने फ्रान्समधील बेकरी-कामगारांना रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत काम करण्यास मनाई केली होती. पहाटे चारला कामाला लागून सकाळच्या गिऱ्हाइकाला ताजा पाव द्यायचा, तर लवकर फुगणारा आणि लवकर भाजला जाणारा बारीक पाव सोयीचा पडे, हेही उघड आहे. पिएर यांचा पाव या दोन्ही बाबतींत प्रवाहाच्या उलट होता. जात्यावर दळलेल्या करड्या पिठाचा, यीस्टऐवजी आधीच्या कणकेच्या आंबवणावर फुगवलेला, जवळजवळ दोन किलो वजनाचा गोल पाव ते करीत. तो त्यांच्या दृष्टीने धाडसाचा नव्हताच. त्यांच्या मुलुखात पाव असाच असे आणि त्यांना तोच खरा पाव वाटे.

तो चालला याचे एक कारण वस्तीत दडलेले आहे. सँ-जेर्मँमध्ये तेव्हा चित्रकार, लेखक आणि विद्यार्थी यांचा मोठा भरणा होता. आठवडाभर टिकणारा एक मोठा पाव त्यांच्या खिशाला परवडे, आणि खिशात काहीच नसेल तर चित्रकार पावाच्या बदल्यात पावाचेच चित्र काढून देत. अशा चित्रांनी दुकानामागची खोली भरून गेली आणि ती चित्रे तेथे अजूनही लावलेली आहेत. या कथेत पिएर यांचे औदार्य दिसते हे खरेच. पण दुकानदाराचा व्यवहारही त्यात आहे, असे आम्हाला वाटते. उधारी बुडवून तोंड चुकवणारे गिऱ्हाईक परत येत नाही. चित्र देऊन मोकळे झालेले गिऱ्हाईक मात्र ताठ मानेने पुन्हा दाराशी येते.

खरी कसोटी लागली ती युद्धानंतर. जर्मन ताब्याच्या काळात, १९४० पासून, फ्रान्समध्ये पाव शिधापत्रिकेवर मिळू लागला आणि शिधावाटपाचे ते दिवस, मध्ये काही आठवड्यांची उसंत सोडली तर, १९४९ पर्यंत लांबले. त्या काळातला पाव काळा, ओलसर आणि नाही नाही त्या भेसळीचा असे. साहजिकच शिधापत्रिका सुटल्यावर लोकांना काळ्या रंगाचे काहीही नकोसे झाले. गिरण्या आणि बेकऱ्या यांनीही ही इच्छा पुरेपूर पुरवली. १९५० च्या दशकात वेगवान यंत्रांनी कणीक बराच वेळ मळण्याची पद्धत आली. त्यात कणकेत भरपूर हवा शिरते, पिठातले पिवळसर रंगद्रव्य उडून जाते, आणि पाव आकाराने फुगीर नि रंगाने पांढराशुभ्र होतो. त्या रंगद्रव्याबरोबर चवही जाते, हे रेमाँ काल्व्हेल या फ्रेंच पाकशास्त्र्याने पुढे आयुष्यभर पोटतिडकीने सांगितले. पण त्या वेळी ऐकायला कोणी तयार नव्हते. या सगळ्या वर्षांत पिएर यांनी पाव बदलला नाही. प्वालानमध्ये बगेत ठेवायचे नाही हा त्यांचा शिरस्ता पुढच्या पिढीनेही पाळला. चवीचे वारे फिरले, पांढऱ्या पावाला कंटाळलेले लोक जुन्या पावाचा शोध घेऊ लागले, तेव्हा पॅरिसमध्ये तो करणारे हात फारसे उरले नव्हते. प्वालानच्या तळघरात मात्र ते होते.

प्रश्न : १९३२ मध्ये लावलेले आंबवणच प्वालानमध्ये आजही वापरतात, असे ऐकले. नव्वदहून अधिक वर्षे एखादे आंबवण जिवंत राहू शकते का? आणि या पावाची कृती नेमकी कशी असते?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेही देता येते आणि नाही असेही. दही लावताना कालच्या दह्याचे विरजण जसे आजच्या दुधाला लावतात, तसाच प्रकार येथे असतो : एका घाण्याच्या कणकेतला गोळा बाजूला काढून ठेवायचा आणि पुढच्या घाण्यात मिसळायचा. ही साखळी न तुटता चालू राहिली आहे, या अर्थाने आंबवण १९३२ चे आहे. पण त्यातले सूक्ष्मजीव, म्हणजे हवेतले व पिठातले रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, प्रत्येक वेळी नव्या पिठावर पोसले जातात. पीठ, पाणी, खोलीची उष्णता आणि मळणाऱ्याचे हात यांचा त्यांच्यावर सतत परिणाम होत असतो. त्यामुळे पहिल्या दिवशीचेच जीव आजच्या गोळ्यात आहेत, असे समजणे शास्त्राला धरून होणार नाही. टिकली आहे ती आंबवणाची देखभाल करण्याची शिस्त. एक पाळी जरी चुकली, गोळा काढून ठेवायला कोणी विसरले, तरी साखळी संपली. हे लक्षात घेतले म्हणजे नव्वद वर्षे हा काय प्रकार आहे ते कळते.

पावात चारच पदार्थ असतात : जात्यावर दळलेले गव्हाचे पीठ, त्यात काही भाग स्पेल्ट या जुन्या जातीच्या गव्हाचे पीठ, पाणी, ब्रिटनीजवळच्या गेराँद येथील मिठागरांतले मीठ, आणि आंबवण. मळणी यंत्रावर होते. पुढचे सगळे हाताने. कणीक विसावली की तिचे तुकडे तोलून गोळे वळतात आणि ते तागाचे कापड लावलेल्या वेताच्या टोपल्यांत फुगायला ठेवतात. फुगलेला गोळा टोपलीतून लांब दांड्याच्या लाकडी फळीवर उलटा पडतो, तेव्हा कापडाला लावलेल्या पिठाचा पांढुरका थर त्याच्या माथ्यावर आलेला असतो. त्यावर ब्लेडने झटक्यासरशी ‘पी’ हे अक्षर कोरतात. ही केवळ शोभा किंवा सही आहे असे वाटते, पण तसे नाही. भट्टीत गेल्यावर आतली वाफ आणि वायू यांना बाहेर पडायला चिरेची वाट दिली नाही, तर पाव बाजूने कुठेही फुटतो. तेच काम येथे आडनावाच्या आद्याक्षराने भागते.

भट्टीचे काम सर्वांत अवघड. लाकूड खालच्या कप्प्यात जळते आणि त्याची ज्वाळा बिडाच्या एका तोंडातून भाजण्याच्या कप्प्यात सोडली जाते. हे तोंड फिरवता येते, म्हणून कारागीर भट्टीचा एकेक कोपरा आलटून-पालटून तापवतो. भट्टी तापली की ते तोंड काढून घेतात आणि पाव आत सरकवतात. लाकडाच्या भट्टीत काटा पाहून काम करता येत नाही. पिठाची चिमूट भट्टीच्या तळावर टाकायची. ती सावकाश तांबूस झाली तर पाव लावायचा, लगेच काळी पडली तर थांबायचे, अशी जुन्या कारागिरांची रीत आहे. लाकूड ओले आहे की सुके, आधीचा घाणा काढून किती वेळ झाला, बाहेर पाऊस आहे का, हे सारे हिशेबात धरावे लागते, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही.

तयार पाव सुमारे १.९ किलोचा असतो. आंबवणातल्या आम्लामुळे त्याला बुरशी उशिरा धरते, आणि आकार मोठा असल्याने आतला ओलावा लवकर उडत नाही. म्हणून तो आठवडाभर खाण्याजोगा राहतो. छोट्या कुटुंबाला अख्खा पाव जड जातो, म्हणून दुकानात तो अर्धा, पाव भाग किंवा हवा तेवढा तोलूनही देतात.

प्रश्न : साल्व्हादोर दाली या चित्रकाराने प्वालानकडून पावाचे सामानसुमान करून घेतले होते, ही गोष्ट खरी की जाहिरातीसाठी रचलेली?

उत्तर : खरी आहे. पिएर यांचे चिरंजीव लिओनेल आणि दाली यांचा चांगला परिचय होता, आणि १९७० च्या आसपास दालीच्या मागणीवरून लिओनेल यांनी शयनगृहाचे सामान पावाच्या कणकेत घडवले. घरात उंदीर आहेत की नाहीत ते आता कळेल, असे कारण दालीने दिल्याचे सांगतात, आणि त्याचा एकंदर स्वभाव पाहता ते त्याला शोभते. पक्ष्याने खात खात बाहेर पडावे असा पावाचा पिंजराही त्या कल्पनांत होता. त्या सामानातल्या झुंबराची कणकेत घडवलेली प्रतिकृती दुकानामागच्या खोलीत टांगलेली असते. तिच्यात दिवे लागतात.

जाहिरातीचा मुद्दा अगदीच सोडून देता येत नाही. लिओनेल यांना प्रसिद्धीचे वावडे नव्हते. उलट बेकरीवाल्याने विद्वानांत आणि कलावंतांत वावरावे, पावावर लिहावे, बोलावे, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी पावावरील जुन्या पुस्तकांचा मोठा संग्रहही केला होता. मात्र त्यांनी बाहेर मिरवलेली वस्तू आतून पोकळ नव्हती. पाव सामान्य असता, तर झुंबर पाहायला आलेला माणूस दुसऱ्यांदा फिरकला नसता.

प्रश्न : लिओनेल प्वालान यांनी शहराबाहेर चोवीस भट्ट्यांचा कारखाना काढला, असे वाचले. एवढे उत्पादन झाल्यावर त्याला ‘घरगुती बेकरी’ म्हणणे ही गिऱ्हाइकाची दिशाभूल नव्हे काय?

उत्तर : आपला प्रश्न रोखठोक आहे, आणि फ्रान्समध्येही तो अनेकांनी विचारला आहे. म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

लिओनेल यांचा जन्म १९४५ चा. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्यांना कामाला लावले, आणि ते काही आनंदाने भट्टीपाशी उतरले नव्हते. शाळा सुटून तळघरात कोंडले गेल्याची भावना त्यांच्या मनात पुष्कळ वर्षे होती, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९७० मध्ये सूत्रे हाती आली तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच होता. पॅरिसमधली उपाहारगृहे आणि चीजची दुकाने या पावाची मागणी करू लागली होती आणि तळघरातली भट्टी एका मर्यादेपलीकडे पाव देऊ शकत नव्हती. अशा वेळी सर्वसाधारण व्यावसायिक मोठी यंत्रे आणतो : एका टोकाला पीठ घालायचे आणि दुसऱ्या टोकाला पाव उचलायचा. लिओनेल यांनी भट्टी मोठी केली नाही. त्यांनी तीच भट्टी चोवीस वेळा बांधली. १९८० च्या दशकात पॅरिसच्या नैर्ऋत्येला बिएव्र या गावी त्यांनी गोलाकार इमारत उभारली. आराखडा त्यांच्या पत्नी इरेना यांचा. मध्यभागी लाकडांचा प्रचंड ढीग आणि भोवताली शेर्श-मिदीच्या भट्टीबरहुकूम चोवीस भट्ट्या. लाकूड उचलून देण्याचे काम यंत्राचा पंजा करतो, कारण त्यात कौशल्याचा प्रश्न नाही, मळणीही यंत्राची. पण मळल्यापासून भाजून काढेपर्यंत घाण्याची जबाबदारी एकाच कारागिराची असते, आणि पाव बिघडला तर तो कोणाच्या हातून बिघडला हे लपत नाही.

जुन्यातले उत्तम राखायचे आणि नव्यातले उत्तम घ्यायचे, असे लिओनेल आपल्या पद्धतीचे वर्णन करीत. बोलायला हे सोपे. कोणते काम यंत्राला द्यायचे आणि कोणते नाही, ही रेघ नेमकी कोठे ओढायची, यातच सगळे आले. मळणीतले श्रम त्यांनी बिनदिक्कत यंत्राला दिले. आकार देणे, चीर पाडणे आणि भट्टीचा अंदाज घेणे ही कामे मात्र हातापाशी ठेवली. नव्या माणसाला सुमारे नऊ महिने शिकाऊ म्हणून ठेवीत. अन्यत्र काम केलेले पट्टीचे कारागीर घेण्यापेक्षा कोरी पाटी असलेला तरुण त्यांना बरा वाटे; जुन्या सवयी मोडण्यात जाणारा वेळ शिकवण्यात घालवलेला बरा, असा त्यांचा हिशेब होता.

आता दिशाभुलीचा भाग. फ्रान्समध्ये या बाबतीत कायदा बराच काटेकोर आहे. सप्टेंबर १९९३ च्या आदेशाने ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पावात कृत्रिम द्रव्ये घालण्यास आणि तो कोणत्याही टप्प्यावर गोठवण्यास बंदी घातली. आंबवणाचा पाव कशाला म्हणावे तेही त्याच आदेशात आकड्यांनिशी सांगितले आहे : पावाचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितका आंबटपणा अधिक) ४.३ हून अधिक नसावा. मे १९९८ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. ज्या जागी पाव विकतात त्याच जागी तो मळला, फुगवला, वळला आणि भाजला जात असेल, तरच त्या दुकानावर बेकरी अशी पाटी लावता येते. कारखान्यातून गोठवलेली कणीक आणून नुसती गरम करून विकणाऱ्या दुकानांविरुद्ध हा कायदा झाला. म्हणजे चोवीस भट्ट्यांची जागा कशी ओळखायची, हा प्रश्न तेथील कायद्याने वाऱ्यावर सोडलेला नाही.

आमचे स्वतःचे मत विचाराल, तर ‘घरगुती’ हा शब्द आम्हीही वापरणार नाही. हजारो पाव रोज बाहेर पडतात ती जागा घरगुती नसते. पण तिला यंत्रावर चालणारा कारखाना म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. हाताने काम करणाऱ्या अनेक छोट्या बेकऱ्या एका छपराखाली आहेत, हे त्यातल्या त्यात खरे वर्णन.

प्रश्न : पॅरिसमध्ये ‘माक्स प्वालान’ नावाचीही एक बेकरी होती म्हणतात. ती याच घराण्याची शाखा का?

उत्तर : माक्स हे लिओनेल यांचे बंधू. तेही वडिलांच्या हाताखालीच शिकले, पुढे वेगळे झाले आणि पंधराव्या प्रभागात त्यांनी स्वतःची बेकरी काढली. त्यांचा गोल पाव याच घाटणीचा. आडनाव कोणी आणि कसे वापरायचे यावरून भावाभावांत वाद झाला, तो न्यायालयापर्यंत गेला, आणि दोन्ही दुकाने वेगवेगळ्या नावांनी चालू राहिली : एकाचे नुसते ‘प्वालान’, तर दुसऱ्याचे पूर्ण नावानिशी ‘माक्स प्वालान’. कौटुंबिक व्यवसायात इमारत, भट्टी आणि गिऱ्हाईक यांची वाटणी कशीबशी होते, नावाची होत नाही. आणि कृती तर दोघांनाही तोंडपाठ असते. आतील कारणांची चर्चा येथे करणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

प्रश्न : २००२ च्या अपघातानंतर अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीने ही बेकरी सांभाळली, हे वाचून थक्क झाले. माझ्या माहेरचा व्यवसाय वडिलांच्या मागे वर्षभरातच बंद पडला, म्हणून विचारते : हे तिला कसे जमले असेल? केवळ जिद्द की आणखी काही?

उत्तर : ताई, आपण विचारलेला प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी जातो.

घटना अशी. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी लिओनेल प्वालान स्वतः हेलिकॉप्टर चालवीत ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील आपल्या बेटाकडे निघाले होते. काँकालजवळच्या समुद्रात हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यात ते व त्यांच्या पत्नी इरेना, दोघेही गेले. व्यवसायाची आणि इमारतीच्या रचनेची सूत्रे ज्या दोघांच्या हाती होती, ती दोघे एकाच क्षणी गेली. मागे दोन मुली होत्या. थोरली अपोलोनिया अठरा वर्षांची. तिने ताबडतोब कामकाज हाती घेतले. हार्वर्ड विद्यापीठात तिला प्रवेश मिळण्याचे ठरत आले होते. ती २००३ मध्ये तेथे गेली आणि चार वर्षे शिकत असतानाच दूरध्वनीवरून, सुट्ट्यांत पॅरिसला येऊन, बेकरी चालवीत राहिली. २००७ मध्ये ती अर्थशास्त्राची पदवी घेऊन परतली. त्या काळात पॅरिसहून तिच्याकडे नियमित पाव पाठवला जाई. तो कापून, चाखून, घाण्यात काही फरक पडला असेल तर तो ती तेथून कळवी.

जिद्द होतीच, तिच्याविषयी दुमत नाही. पण जिद्दीवर भट्टी पेटत नाही. अपोलोनियाच्या बाबतीत तीन गोष्टी आधीच झालेल्या होत्या. एक म्हणजे ती शाळेत असल्यापासून सुट्टीत बेकरीत काम करीत होती आणि अपघातापूर्वीच तिने शिकाऊ म्हणून भट्टीचे काम हाती धरले होते. मालकाची मुलगी म्हणून ती गल्ल्यावर बसली नव्हती. दुसरी म्हणजे पुढे आपणच हे चालवायचे, हे तिच्या मनात लहानपणापासून ठरलेले होते, त्यामुळे विकावे की ठेवावे या घोळात वेळ गेला नाही. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. लिओनेल यांनी पाव करण्याची विद्या घरात कोंडून ठेवली नव्हती. बिएव्रच्या भट्ट्यांवर काम करणारा प्रत्येक कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खा पाव करू शकत होता. मालक गेले त्या आठवड्यात पाव कसा करावा हे विचारायला कोणाकडे जावे लागले नाही. अपोलोनियाला सांभाळायचे होते ते हिशेब, करार, माणसे आणि नाव. कणकेला मात्र धनी होता.

कौटुंबिक व्यवसायांत याच्या उलट प्रकार फार दिसतो. मापे वडिलांच्या डोक्यात, मसाल्याची पुडी आईच्या कपाटात, आणि कारागिराला त्याच्या वाट्याच्या कामापलीकडे काही कळू द्यायचे नाही. नाहीतर तो शेजारी दुकान टाकील. ही भीती खोटी नसते. पण ज्याच्या डोक्यात सगळे आहे तो अचानक गेला, की दुकान त्याच्याबरोबर जाते. आपल्या माहेरच्या बाबतीत काय घडले ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्यावर बोलणे बरे नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल की वारस कच्चा निघाला, असा दोष अशा वेळी मुलांना सहज दिला जातो आणि बहुतेक वेळा तो त्यांच्यावर अन्याय असतो.

अपोलोनिया यांनी पुढे काय केले तेही पाहण्याजोगे आहे. मूळ गोल पावाला त्यांनी हात लावला नाही. त्याच्या शेजारी मात्र काळी मिरी घातलेला पाव आला, आणि ज्यांना गव्हातले ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी मक्याच्या पिठाचा पावही आला. लंडनमधली शाखा वडिलांनी २००० मध्ये उघडलेली होती, ती चालू ठेवली. जगभर नावाचे परवाने विकून शेकडो दुकाने काढता आली असती. दुकाने मोजकीच राहिली. दूरच्या गिऱ्हाइकाला पाव पार्सलने जातो. आठवडाभर टिकणारा पाव असल्याचा हा फायदा; बगेत पाठवायला गेले तर पोहोचेपर्यंत त्याचे लाकूड झालेले असेल.

प्रश्न : ही पॅरिसमधली सर्वांत जुनी बेकरी आहे का?

उत्तर : नाही. नुसते वय पाहिले तर रू माँतर्ग्वेय या रस्त्यावरील स्तोरेर हे मिठाई-पेस्ट्रीचे दुकान प्वालानपेक्षा दोनशे वर्षांनी जुने आहे. पोलंडची राजकन्या मारी लेश्चिंस्का हिचा विवाह १७२५ मध्ये पंधराव्या लुईशी झाला, तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या निकोला स्तोरेर या आचाऱ्याने ते १७३० मध्ये ५१ क्रमांकाच्या जागेत उघडले आणि ते आजही त्याच जागी आहे. मात्र ते मूळ घराण्याकडे राहिलेले नाही. प्वालानचे वैशिष्ट्य वयात नसून आजोबा, मुलगा आणि नात अशा सलग मालकीत आहे.

प्रश्न : प्वालानच्या बिस्किटांना ‘शिक्षा’ असे विचित्र नाव का? आणि त्यात काय असते?

उत्तर : पीठ, लोणी, साखर आणि अंडे, एवढेच. नावामागची घराण्यातली आठवण अशी की पिएर प्वालान यांच्या आजी नातवंडांना शिक्षा घ्यायला या म्हणून दरडावून बोलावत, आणि मुले जवळ आली की मूठ उघडून ही बिस्किटे त्यांच्या हातावर ठेवत. शेर्श-मिदीच्या दुकानात गल्ल्यापाशी त्यांची टोपली ठेवलेली असते आणि पाव घ्यायला आलेल्या माणसाला त्यातले एखादे उचलायला सांगतात. त्याचे पैसे लावत नाहीत.